सीनेतलं मीठ ठेवायचं कुठं

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
जुळे सोलापूर, ५ नोव्हेंबर २०२४

ती. अक्कास, धाकटा भाऊ तम्मा ईश्वरप्पाचे शरणार्थी नमस्कार. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू ऐकत नाहीस, म्हणून हे पत्र.

बातमी मोठी आहे. धान्याचं दुकान विकलं. त्या पैशात व्यापारातल्या तिघा मित्रांनी भर घातली आणि चिंचोळीच्या खालच्या अंगाला, ओढा सीना नदीला मिळतो तिथं, पाण्यातलं मीठ काढायचा प्रकल्प उभा केला. सरकारचा छदामही नाही. वर्षानुवर्षं शेतांतून आणि जुन्या बोअरमधून खारं पाणी पाझरून त्या ओढ्यात येतं आणि पुढं तुमच्या माळकोटीपर्यंत नदी खारट करतं. स्वयंपाकघरात पाण्याचं मशीन असतं ना, तसंच हे, फक्त गोदामाएवढं. आपली सून दानेश्वरी या विषयातली इंजिनिअर. तिनं उभं राहून सगळं बसवून घेतलंय, त्यामुळं मी निर्धास्त आहे.

एक काम तुझ्याकडं. गोड पाणी नदीत सोडलं की मागं अतिशय खारं पाणी उरतं. ते उन्हात वाळवायला तळी लागतात. तुमचा पुलाजवळचा माळ पडीकच आहे. टँकरनं पाणी आणू, भाडंही रीतसर देऊ. शिवपुत्रला विचारलं तर भाचा लगेच हो म्हणाला. ग्रामसभेत मंजुरी मिळाली की झालं.

गुडघ्याला तेल लावत जा. लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा,
ईश्वरप्पा


माळकोटी, २९ नोव्हेंबर २०२४

चि. तम्मा यास, अक्का काशम्माचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. जन्मभर गव्हातलं खडं निवडलंस, आता पाण्यातलं मीठ निवडायला निघालास. तुझे दाजी असते तर गावभर सांगत हिंडले असते. मला बी लई बरं वाटलं. नदी खारी झाल्यापासनं पुलाखालच्या रानात नुसतं पांढरं फुटतंय. कुणीतरी हात घालायला पायजेच होता.

पन माळ देनार न्हाई. सरळच सांगते.

परवा ग्रामसभा झाली. शिवपुत्र उभा राहिला, मामाचं कौतुक केलं, माळ द्यायचा म्हनाला. लोकांनी टाळ्या बी वाजवल्या. मग मी उठले. आपल्या माळाच्या उतारालाच शेजारच्या बसव्वाची विहीर हाय. अर्धी वस्ती तितलं पानी पिते. उद्या तळ्याच्या बुडाला घातलेला प्लास्टिकचा कागद फाटला तर मीठ कुटं जाईल? सगळ्यांदेखत म्हनाले, "माझ्या भावाचं काम चांगलं हाय. पन मीठ त्यानं काढलंय, त्यानं ते आदी सवताच्या दारात ठेवून दाखवावं."

ठराव पडला. तवापासनं शिवपुत्र ताटावर बसतो, जेवतो, उठतो. माझ्याशी एक शब्द न्हाई. तू बी रुसशील. रूस. पन चार दिसांनी इचार कर की.

दानेश्वरीला आशीर्वाद. माया कमी करू नको.

तुझी,
अक्का


जुळे सोलापूर, १८ डिसेंबर २०२४

ती. अक्कास, शरणार्थी.

चार दिवसांत राग गेला नाही, म्हणून उशिरा लिहितोय. पहिल्यांदा वाटलं, सख्ख्या बहिणीनंच भर सभेत पाय ओढला. मित्रांनीही टोमणे मारले. मशीन तयार आणि उरलेल्या पाण्याला जागा नाही, अशी आमची गत.

त्यात कंत्राटदारानं एक तोड काढली. टाकीत साठवायचं आणि पावसाळ्यात पूर आला की नदीत सोडून द्यायचं, कुणाला पत्ता लागणार नाही. एक मित्र लगेच मान डोलवायला लागला. दानेश्वरी शांतपणे म्हणाली, "मामंजी, मग मशीन आणलंच कशाला?" मी कंत्राटदाराला निरोपाचा चहा पाजला. काम आता दुसऱ्याकडं आहे.

मग तुझं पत्र पुन्हा वाचलं. दारात ठेवून दाखव म्हणालीस ना? ठेवतोय. प्रकल्पाला लागून माझी चिकूची बाग आहे. तिचा खालचा निम्मा भाग मोकळा केला. झाडं तोडताना मी तिथं थांबलो नाही, तेवढं धैर्य झालं नाही. तळ्याला कागदाचे दोन थर घालतोय आणि दोन्हींच्या मधे पाइप. वरचा थर गळला तर पाइपात पाणी दिसेल, जमिनीत उतरायच्या आत कळेल. ही युक्ती दानेश्वरीची. आणि तळ्याच्या अगदी उतारालाच माझी विहीर आहे. तिचंच पाणी मी घरी नेऊन पितो आणि पुढंही पिणार.

जागा थोडी, म्हणून मशीन निम्म्यानंच चालेल. पण चालेल.

शिवपुत्रला सांग, मामा रागावलेला नाही. त्यानं तुझ्याशी बोलावं.

तुझाच,
तम्मा


माळकोटी, २ मे २०२५

चि. तम्मा यास अनेक आशीर्वाद.

तुला न सांगता एक उद्योग केला, तो आदी ऐक. बसव्वाला घेऊन एस्टीनं तुझ्या बागेत आले होते. तू बार्शीला गेलेला. राखणदारानं वळखलं न्हाई, चोरावानी बघत हुता. तळ्याला फेरी मारली. मग बसव्वानं सवता तुझ्या विहिरीचं पानी शेंदलं, दोघींनी वंजळीनं पिलं. गोड हाय. बसव्वा लई बोलत न्हाई, तुला ठावं हाय. परतीच्या एस्टीत एवढंच म्हनाली, "तुजा भाव सोताच्या हिरीवर बेतू देतो, मंग माज्या हिरीला बी जपंल."

हितं घाटावर बायकांच्या साबनाला फेस यायला लागलाय. निम्म्या मशीनवर एवढं, तर पुऱ्यावर किती, असं जो तो इचारतोय. चव अजून खारटच हाय, उगा फुगू नको.

काल पुन्ना ग्रामसभा झाली. या टायमाला माळाचा ठराव मी मांडला, आन् शिवपुत्रनं अटी वाचून दाखवल्या. कागदाचे दोन थर, मधे पाइप, आन् बसव्वाच्या विहिरीचं पानी म्हैन्याच्या म्हैन्याला तपासायचं. खारं निगालं तर तळं त्याच दिशी रिकामं. एक बी हात खाली राहिला न्हाई. दानेश्वरीला नकाशा घेऊन धाड.

पुढल्या सोमवारी, बारा तारखेला, कामाला सुरुवात. पहिली कुदळ बसव्वा मारनार हाय, तू नारळ घेऊन बाजूला हुबा राहायचंस. भाषन करायचं न्हाई.

जेवायला हितंच. अशीच माया असू दे.

तुझी,
अक्का