भिंतीवरचं रक्तदाबाचं कार्ड

३ जून
आरोग्य केंद्राची बाई आज पुन्हा दारात. मी हिला कार्डवाली म्हणते. पिशवीत रक्तदाबाचं यंत्र, तोंडात ‘प्रतिबंध’. रोग व्हायच्या आधीच पकडायचा म्हणे. तिला पुढच्या खोलीत नेऊन भिंतीवरची फ्रेम दाखवली. यांचं मार्चचं कार्ड. रोज घरी मोजून लिहायला हिनंच दिलं होतं. १२०/८०, ११८/७८, पुन्हा १२०/८०. पंधरा तारखेपर्यंत एक आकडा बिघडलेला नाही, आणि एकोणीसला माणूस मेंदूतल्या रक्तस्रावानं गेला. हाच का तुमचा प्रतिबंध, असं विचारलं. जाताना माझ्या नावाचं कोरं कार्ड टेबलावर ठेवून गेली. उद्यापासून चौदा दिवस मोजायचं.
मोजणार नाही.

५ जून
वाचनालयातून रक्तदाबावरचं जाड पुस्तक आणलं. चाळीस पानं वाचून झाली. विषय समजला.
उठताना चक्कर आली. चष्मा नवीन आहे, त्याचा त्रास.
संकल्प: उद्यापासून मीठ बंद, रोज अर्धा तास चालणं. यंत्रांवाचून माणूस निरोगी राहू शकतो हे दाखवून देईन.

६ जून, संध्याकाळ
जिन्यात खालची शेजारीण भेटली. केंद्राच्या गोळ्या कशा निरुपयोगी आहेत हे तिला अर्धा तास समजावलं. उभं राहणं हाही व्यायामच. मीठ सोमवारपासून.
लेकीचा फोन. मोजून घे म्हणाली, बाबा गेले, आता तू तरी. मी म्हटलं, बाबा मोजत होते, काय उपयोग झाला? पलीकडून नुसता नाकाचा आवाज. सर्दी झाली असेल.

१० जून, दुपार
भांडी घासताना ओटा धरून उभं राहावं लागलं. खिडकी बंद होती, हवाच नव्हती.
केंद्राच्या फाटकावर बोर्ड लागलाय. सोळा तारखेला मेळावा, नवीन डॉक्टर बोलणार. जाणार. फ्रेम घेऊन जाणार आणि सगळ्यांसमोर एकच प्रश्न विचारणार. तीन महिने तोच प्रश्न घेऊन जगतेय.

१४ जून
कार्डवालीची कटकट नको म्हणून कार्ड भरून टाकलं. चौदाही दिवस एका बैठकीत, एकाच पेनानं. सहा मिनिटं लागली. पुढच्या तीन दिवसांचे आकडेही लिहिले, काम मागे उरायला नको. खरं वाटावं म्हणून मध्ये एक १२४ घातला.
यांना असला चालूपणा कधी जमला नसता. रोज सकाळी खोलीचं दार लावून मोजायला बसायचे. चहा झाला म्हणून हाक मारली तर आतून “मोजतोय” म्हणायचे. शिस्तीचा माणूस.

१६ जून, दुपार
मेळावा झाला. बोलले. डॉक्टर पोरसवदा, मध्येच तोडेल असं वाटलं होतं, पण शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्यानं जास्तच राग आला.
मग कार्डवालीनं माझं कार्ड मागितलं, आणि बघून म्हणाली, “मावशी, उद्याचं प्रेशर आजच मोजलंत?”
अख्खा हॉल हसला. मी फ्रेम तिच्या हातात कोंबली. म्हटलं, “माझं जाऊ दे. हे बघ, हे खऱ्या माणसाचं कार्ड आहे.”
तिनं विचारून फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढला. कार्ड उलटलं. बराच वेळ बघत राहिली. पुठ्ठा परत लावला आणि खाली वाकून माझ्याच कानाशी म्हणाली, “घरी जाऊन निवांत बघा.” डॉक्टरांनी काय म्हणून विचारलं, तर काही नाही म्हणाली.
हरली. बोलायला तोंड राहिलं नाही तिला.

१६ जून, संध्याकाळ
मागची बाजू मी कधी बघितली नव्हती. सोळा ते एकोणीस, ते चार दिवस त्या बाजूला होते. बघवणार नाहीत म्हणून तशीच फ्रेम करून घेतली होती.
आज बघितली.
२० मार्च १२०/८०. २४ मार्च ११८/७८. ३१ मार्च १२०/८०. मध्ये एक १२४.
एकच पेन.

१७ जून, सकाळ
यांचं यंत्र कपाटातून काढलं. पट्टा दंडाला कसा बांधायचा ते कळेना, डब्यातला कागद वाचून बांधला. १७६/१०४. दहा मिनिटं बसून पुन्हा मोजलं. १७३/१०१.
कार्डवालीला फोन केला. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. आकडा सांगितला. खरा का, असं विचारील आणि मग आपण चिडू, असं वाटलं होतं. विचारलं नाही. उठू नका, येतेय, म्हणाली.
बसले आहे.