उतारावरचं मीठ

मालवण,
९ नोव्हेंबर २००३

चि. मितेश यास मामाचे पोटभर आशीर्वाद.

हिमालयात औलीला स्कीइंगसाठी तू करारावर घेतलेली ती उताराची जागा खरी कितीला पडली, याचा हिशेब काल तुझ्या आईच्या पडवीत बसून केला. तुझ्या बापामागे राहिलेली होडी गेली. जाळी गेली. पूर्वी तुझी आई घरचा मासा विकायची. आता लिलावात उभी राहून दुसऱ्याचा घेते. पैसे मी यात धरलेच नाहीत.

ती कुरकुरत नाही. बाजारात कोणी मुलाची चौकशी केली, झील खंय आसा गो, तर सांगते, बर्फावर घसारगुंडी खेळूक गेलो. बायका हसतात, तीही हसते. पण हसून झाल्यावर पाटीतले मासे उगाच पुन्हा लावत बसते, तेही मी पाहतो. हॉटेलात स्वयंपाक करता करता तू स्कीइंग शिकलास, त्याचं मला कौतुकच आहे. पण यंदा ती जागा चालली पाहिजे. विकायला दुसरी होडी नाही.

तुझ्या नर्मदामामीने कोकमं पाठवली आहेत. आईवर तुझी माया आहेच, ती पत्रातून कळवत जा.

तुझा मामा,
हरिश्चंद्र

औली,
२४ नोव्हेंबर २००३

ती. मामांस मितेशचा शिरसाष्टांग नमस्कार.

कोकमं पोचली. इथल्या पोरांना सार पाजलं; एक जण औषध समजून नाक धरून प्यायला.

जागा चालायची वेळ आली आहे. २० डिसेंबरला पुण्याच्या शाळेची मुलं येणार. सहलवाल्याने सांगून ठेवलंय, मुलं माझ्या उतारावर नीट घसरली तर हंगामभराच्या सहली माझ्याकडे. नाहीतर तो पलीकडच्या उतारावर जाणार, तिथे जाड थर आहे. माझ्याकडे उन्हाची बाजू. चार बोटं बर्फ पडतो आणि दुपारी निम्मा जातो. शेजारचा म्हातारा मेंढपाळ म्हणतो, हात लावू नकोस, वाट बघ. वाट बघायला माझ्याकडे दुसरा हिवाळा नाही, मामा. तुमचा बर्फाचा कारखाना. बर्फ टिकवायचा कसा, तुम्हीच सांगा.

आईला यातलं काही बोलू नका. लोभ असाच राहू द्या.

आपला,
मितेश

मालवण,
३ डिसेंबर २००३

चि. मितेश यास आशीर्वाद.

मेल्या, हे आधी विचारायचंस! मेंढपाळाने मेंढरं बघावीत. एका हातगाडीवर लाद्या विकत होतो तो मी, आज निम्मं बंदर माझा बर्फ घेतं. बर्फाचं मला कोणी शिकवू नये. त्याने मला एकदाही फसवलेलं नाही.

ऐक. कारखान्यात लादी जमते ती भोवतीच्या मिठाच्या पाण्यामुळे. लांब जाणाऱ्या माशांच्या पेटीतसुद्धा बर्फावर मीठ मारतो, गारवा दुप्पट चढतो. तूही तेच कर. जाडं मीठ घे, संध्याकाळी सगळ्या उतारावर पेर, हात आखडू नकोस. सकाळी बघ कसा धरतो तो. मुलं आली की मला कळव, मी बंदरावर पेढे वाटतो.

मामी म्हणते, कान झाकून फिर.

तुझा,
हरिश्चंद्रमामा

औली,
२३ डिसेंबर २००३

ती. मामांस नमस्कार.

मीठ मारलं. रात्री बर्फ धरला, तुम्ही म्हणालात तसाच. सकाळी उतार काचेसारखा चकाकत होता. मुलांच्या बाईंनी बुटाने ठोकून पाहिलं आणि मुलांना मागे घेतलं. मी त्यांना म्हटलं, मी आधी उतरून दाखवतो. दाखवलं. त्या नको म्हणाल्या. मुलं पलीकडे गेली, सहलवालाही गेला. दुपारी ऊन आलं आणि सगळं पाणी होऊन वाहून गेलं, खाली काळी माती उरली.

तुमची चूक नाही. मी बरा आहे. आईला सांगा, थंडी आहे म्हणून पत्र लहान.

मितेश

मालवण,
२ जानेवारी २००४

चि. मितेश यास आशीर्वाद.

काल तुझ्या हॉटेलात फोन लावला. तू मजेत आहेस, खातोपितोस, सगळं सांगितलंस. पण तू फोनपर्यंत आलास तो आवाजही मी ऐकला. फळ्यांवर आधी कुबडीचं लाकूड वाजत होतं, मग एकच पाय. मशीनच्या घरघरीत माझे कान गेले असं नर्मदा म्हणते. गेले नाहीत रे. उतरून दाखवलंस म्हणजे काय झालं, ते मला तेव्हाच समजायला हवं होतं.

मी निघतो आहे. तिकीट काढलं. रागवायचं असेल तर मी आल्यावर रागव.

हरिश्चंद्रमामा

औली,
१४ जानेवारी २००४

सौभाग्य नसलं तरी माझ्या घरची लक्ष्मी, बहीण पार्वती हिला दादाचे आशीर्वाद.

बाय गो, तुका खोटा सांगूचा नाय. मितेशचा गुडघा फुटला आहे. खाली डॉक्टरना दाखवला. पाय टेकेल, चालेल, पण पुरता वाकणार नाही. पुन्हा स्की नाही, आणि हलत्या होडीत तोल सांभाळणंही नाही. मीठ मारायला मी सांगितलं होतं. हे तुला त्याच्याकडून कळणार नाही, म्हणून मी लिहितो. माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस.

मी त्याला म्हटलं, कारखान्यात ये, हिशेबाच्या गादीवर बस. तो म्हणाला, बर्फाजवळ नको, मामा.  जागेचा करार सुटला. त्याच्या स्की एका पोराने नेल्या.

परवापासून इथे बर्फ पडतो आहे, कमरेएवढा साठला. पलीकडच्या उतारावर मुलं घसरतात. मितेश खिडकीत बसून, कोण कुठल्या वळणावर पडणार ते आधीच सांगतो, आणि ते पोर तिथेच पडतं. पहिल्यांदा मी हसलो. त्याने मान वळवली नाही.

रस्ता उघडला की त्याला घेऊन येतो. त्याच्यासमोर रडू नकोस. मला काय म्हणायचं ते म्हण, पण भावाला टाकू नकोस, एवढं मागणं.

तुझा दादा,
हरिश्चंद्र

ता. क. आज बाहेर जाऊन ओंजळभर बर्फ घेतला. आभाळातून पडलेला बर्फ मी याआधी कधी पाहिलाच नव्हता.