ब्रिजजवळचा पिकअप

४ फेब्रुवारी
भावोजी दुकानात आले. इलेक्ट्रिक गिटार काउंटरवर आपटलीच म्हणा! "वहिनी, ब्रिजजवळचा हा पिकअप काढून टाका. मानेजवळचा दादाचा राहू द्या — काय मध आहे! हा तुमचा म्हणजे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा." गिऱ्हाइकं हसली. मीही हसले.

गिटारच्या मानेजवळच्या पिकअपच्या लोहचुंबकावर तांब्याची तार मी गुंडाळलीय. ब्रिजजवळचा यांचा. शेवटचा. हात इतका कापायचा की तांब्याची तार सारखी तुटायची. जोडून जोडून पुरा केला, तरी वेढे कमीच पडले. "माझा हात गेला हे कुणाला कळता कामा नये." मी शब्द दिला.

५ फेब्रुवारी
कॉलेजातली एक मुलगी आली होती. "काकू, दोन्हीकडे एकसारखेच का नाही बसवत?" सांगितलं — मानेजवळ गिटारची तार मोकळी हलते, थोडे वेढे पुरतात. ब्रिजपाशी ती जखडलेली, जेमतेम हलते. तिथे वेढे जास्त हवेत, नाहीतर आवाज किरकिरतो. "कुठे शिकलात?" वाचनालयात, म्हटलं. गुंडाळायचं कसं ते यांनी शिकवलं. का, ते पुस्तकांनी.

९ फेब्रुवारी
नवा गुंडाळून झाला. यांना जाऊन दोन वर्षं होत आली, तरी शेजारच्या रिकाम्या स्टुलाला "मोजताय ना?" म्हणून विचारते.

११ फेब्रुवारी
नवा बसवला. भावोजींनी वाजवून पाहिला. "शिकलात की दादाकडून थोडंफार!" मग जुना जमिनीवर टाकला आणि बुटाच्या टाचेने चिरडला. गंमत म्हणून! बरोबरचे दोघे वादक टाळ्या देत होते.

केर मीच काढला. केसासारखी तार झाडूत गुंतली. बोटांनी सोडवत बसले.

शब्द गेला खड्ड्यात. सांगणार. चारचौघांत सांगणार. जिव्हारी लागलं पाहिजे — रडताना बघायचंय मला त्यांना!

१४ फेब्रुवारी
सांगितलं. तालमीच्या खोलीत, सगळ्यांसमोर. "तुम्ही चिरडलात तो तुमच्या दादाचा होता. शेवटचा."

भावोजींनी गिटार खालीसुद्धा ठेवली नाही. खुंटी पिळत जवळ आले, हळूच म्हणाले, "ठाऊक होतं. ते जोड कुणी पाहू नयेत म्हणूनच चिरडला. दादाच सांगून गेला होता — आवाज वाईट निघाला तर वहिनीचा म्हणून सांग."