सतरंजीवरची ग्रामसभा

सोमवार, संध्याकाळ

आज नगरपंचायतीची सभा बघायला गेले. आमची तीन गावं एक करून ही नगरपंचायत झाली आणि ग्रामपंचायतीसोबत माझं सरपंचपदही संपलं. त्याचं दुःख नाही. मग त्या सभागृहात बसल्यावर जुनी सतरंजी का आठवत राहिली?

ग्रामसभेला मोहाच्या झाडाखाली अंथरायचो ती. तिच्यावर बसून कोणीही मला चार शब्द सुनावायचं. सगळ्यात जास्त पोचूबाई, गावाबाहेरच्या टोल्यावरची, म्हणजे छोट्या वस्तीवरची म्हातारी. आज तीही सोबत होती, टोल्यावरची काही माणसं घेऊन. टोल्याच्या बोअरचा विषयच निघेना, तशी उभी राहिली. "साहेब, आमच्या बोअरले गढूळ पानी येऊन राह्यलं."

"बाई, इथे फक्त नगरसेवक बोलतात. बसा," मुख्याधिकारी म्हणाले. शांतपणेच म्हणाले. नियमच आहे तो.

ती बसली. कोणी बस म्हटल्यावर पोचूबाई बसलेली मी कधी पाहिली नव्हती. हळूच म्हणाली, "सरपंचबाई, आता आपण कुठी बोलाचं?"

मी तिचा हात धरून बाहेर आले. मागोमाग टोल्यावरची माणसं आली. पायऱ्यांवरच बसलो. सतरंजी नव्हती, फरशी तापलेली. तरी सवयीनं माझ्या तोंडून निघालं, "बोला, कोणाले काय सांगाचं आहे?" सगळे एकदम बोलायला लागले, अगदी पूर्वीसारखे. किती बरं वाटलं!

सभा संपल्यावर आमचा नगरसेवक बाहेर आला. शेजारच्या गावचा, नवीनच निवडून आलेला. आम्हाला बघून जरा घुटमळला, मग चप्पल काढून खालच्या पायरीवर बसला.

पोचूबाई त्याच्याकडे वळली. "आता तू आयक."