अगत्याचा देश

नल्लकुंटा, हैदराबाद
१२ जानेवारी २०२४

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू कळवलं नाहीस, पण बातमी पोचली. जुन्या कागदांची डागडुजी करणाऱ्या आपल्या जागतिक संघानं तुला स्थळसमितीवर घेतलं. पुढल्या वर्षीची परिषद कुठल्या देशात भरवायची, ते आता तू ठरवणार. आपल्या घरात आजवर मुलीला स्थळं दाखवत. मुलगीच स्थळं पाहत देशोदेशी फिरते, हे पहिल्यांदाच झालं. अभिनंदन. जळत जळत लिहिते आहे, हे अक्षरावरून कळलंच असेल.

फोन केला असता, पण फोनवरच्या भांडणाचा पुरावा राहत नाही. आणि माझं भांडण सात वर्षांचं जुनं आहे, जपून ठेवलेलं. मोरचूद घातलेल्या खळीनं फाटकं पान चिकटवलं तर कसर पुन्हा फिरकत नाही, हे मी अकरा वर्षं तीच पानं तपासून सिद्ध केलं. निबंध लिहिला, परिषदेला निघाले. व्हिसाच्या खिडकीतल्या गृहस्थानं विचारलं, की तुम्ही परत याल याचा पुरावा काय. मी नोकरी सांगितली, आई सांगितली, शेवटी संदीप सांगितला. त्याला एकही पुरेसं वाटलं नाही. नवऱ्याच्या बाबतीत मला त्याचं पटलंही.

मग परिषदेत माझ्याऐवजी निबंध तू वाचलास. अध्यक्षांनी लेखिका म्हणून तुलाच पुकारलं आणि तू काय केलंस? नमस्कार केलास. तेव्हापासून जगभर माझ्या खळीला सुप्रियाची खळ म्हणतात. परवा माझ्याच हाताखालची तन्वी ती मला समजावून सांगायला आली. मी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

तुमच्या प्रश्नावलीत देश सुरक्षित आहे का, अगत्यशील आहे का, असे रकाने असतात म्हणे. त्यात माझा एक घाल: दार कुणाला उघडतं? आणि यादीत हैदराबाद घाल. इथे पाहुणा जेवल्याशिवाय सुटत नाही, हे तू जाणतेस. परिषद इथे भरली तर मला खिडकीशी उभं राहावं लागणार नाही. माझा निबंध एकदा माझ्या तोंडून वाचायचा आहे गं, एवढंच.

जळते आहे तोवर लोभ आहे, असं समज.

तुझी
विमलताई


पुणे
३ मार्च २०२४

ती. विमलताईस सा. न. वि. वि.

पत्र तीनदा वाचलं. नमस्कार केला, हे खरं. पण अध्यक्ष भरभर बोलले, मी खुलासा करायला तोंड उघडलं तोवर टाळ्या सुरू झाल्या. त्यात माझं बोलणं बुडालं.

तुझा रकाना घातला. समितीतल्या पाचही जणांनी मान डोलावली, आणि मग गंमत सुरू झाली. पहिल्या देशात हॉटेल राजवाड्यासारखं, पण आमच्यातल्या एकीनं डोक्याला रुमाल बांधला होता म्हणून तिला विमानतळावर तीन तास बसवलं. दुसरा देश भारी हसतमुख. तिथे आमचा एक सभासद आपल्या जोडीदारासोबत एका खोलीत राहिला तर पोलीस येतात, कारण दोघेही पुरुष. तिसरीकडे सभागृहाला चाळीस पायऱ्या. चाकांच्या खुर्चीतल्या बाईंना सामान चढवायची लिफ्ट दाखवली, तीही अभिमानानं. अगत्यशील या शब्दापुढे तिघांनीही बरोबरची खूण केली होती.

हैदराबाद मीच सुचवलं होतं. बाद झालं, तेही तुझ्याच रकान्यानं. मागे आपल्या देशात बैठक होती तेव्हा तीन देशांतल्या सभासदांना व्हिसा वेळेवर मिळाला नव्हता. त्यातल्या एकाला तर आपल्या खिडकीत विचारलं होतं, की येण्याचं खरं कारण काय ते सांगा.

आणि ताई, जळायचा मक्ता तू एकटीनं घेऊ नकोस. माझ्याकडे सूटकेस आहे, तुझ्याकडे टेबल आहे. एका पानाकडे अकरा वर्षं पाहत बसायचं सुख मला आठवडाभरही मिळालेलं नाही. मी फक्त इतरांच्या टेबलांचे फोटो काढते.

मावशीला साष्टांग नमस्कार. लोभ आटला असेल तर तळाचा तरी राखावा.

तुझी
सुप्रिया


नल्लकुंटा
२० मार्च २०२४

चि. सुप्रियास आशीर्वाद. वि. वि.

म्हणजे मी खणला तो खड्डा आमच्याच फाटकासमोर निघाला. दोन दिवस खळ घोटत बसले. मग आईनं, नेहमीप्रमाणे निम्मं दक्खनीत, सुनावलं की हौलेपणा नक्को करूस, म्हणजे खुळेपणा पुरे. आत पंगत वाढलेली असली, तरी पाहुण्याला फाटकात उभं करून चौकशा करणाऱ्या घराला अगत्याचं घर म्हणत नाहीत, असंही म्हणाली. माझी आई कधी विमानात बसली नाही, पण समितीवर तुझ्याऐवजी तीच शोभली असती.

टाळ्यांचं मात्र पटलं नाही. टाळ्या सात वर्षं चालल्या होत्या काय?

टेबलाचा हेवा करतेस, तर ये की इथे. टेबल तुझं, सूटकेस माझी. तुझ्या सूटकेसला चाकं आहेत. माझ्या टेबलाला तर चार पायही धड नाहीत, एकाखाली पुठ्ठा आहे.

परिषद कुठेही ठरव. पण खिडकीतल्या माणसाला आधी विचारून ठरव.

तुझ्यावर चिडलेली आणि तरी तुझीच
विमलताई


पुणे
९ सप्टेंबर २०२५

ती. विमलताईस सा. न. वि. वि.

तुला नऊ दिवसांत व्हिसा आला हे कळलं. हा समुद्रकाठचा देश आम्ही पाहणी करून निवडला, कारण एकाही सभासदाला दारातून परत पाठवणार नाही, असं लेखी देणारा तो एकटाच होता. आता हसायचं नाही, अशी शपथ घे आणि पुढे वाच.

मला नाकारला.

खिडकीतल्या बाईंनी माझ्या पासपोर्टवरचे शिक्के मोजले आणि विचारलं, की इतके देश कशासाठी फिरता. मी खरं तेच सांगितलं, की देश अगत्यशील आहेत का ते तपासायला. हे त्यांना आवडलं नाही. लेखी हमी दाखवली, तर ती दुसऱ्या खात्याची निघाली.

जुन्या शाईतल्या आम्लानं जळलेल्या पानांवरचा माझा निबंध सोबत आहे. पहिल्यांदाच संपूर्ण माझा, माझ्या हातानं केलेल्या कामावरचा. तू तुझा वाचशीलच. त्यानंतर हा वाचशील का? मागायला तोंड नाही, म्हणून कागदावर मागते आहे. आता जळण्याची पाळी माझी.

लोभाबद्दल या वेळी काही मागत नाही.

तुझी
सुप्रिया


नल्लकुंटा
२ नोव्हेंबर २०२५

चि. सुप्रियास अनेक आशीर्वाद. वि. वि.

जाऊन आले. खळीचा निबंध वाचला, तर मागल्या रांगेतून एकानं विचारलं, की सुप्रियाबाईंच्या खळीत तुम्ही नवीन काय घातलंत. उत्तर मी दातांतून दिलं.

दुसऱ्या दिवशी तुझा. सूड आठ वर्षं मुरला होता. व्यासपीठावर चढताच तुझं नाव इतक्या ठणठणीत आवाजात घ्यायचं, की तुला पुण्यात बसून लाज वाटावी, हा माझा बेत. तेच अध्यक्ष, चष्मा कपाळावर. हातातला कागद न वाचता, समोर साडी दिसली ती लेखिका, या हिशेबानं त्यांनी मलाच पुकारलं. निबंधाची भरपूर स्तुती केली. टाळ्या पडल्या.

आणि सुप्रिया, माझे हात जुळले. तोंड उघडायच्या आधीच. कुणी कौतुक केलं की आधी वाकून नमस्कार करायचा, बाकीचं नंतर बोलायचं, हे आईनंच जामबागेच्या शाळेतल्या बक्षीस समारंभाआधी आपल्या दोघींना घोटवून घेतलं होतं. वाकले, आणि वर येववेना. टाळ्या फार उबदार असतात गं, थंडीतल्या शालीसारख्या. काढून ठेवायला हात होत नाही. मी मनात चारपर्यंत मोजलं.

मग सांगितलं, की लेखिका सुप्रिया आहे आणि ती तुमच्या दाराबाहेर राहिली आहे, तीही दार उघडं आहे का ते पाहून गेल्यावर. यजमान अधिकारी आपल्या बुटांकडे पाहत होते. त्यानंतर तुझा निबंध वाचला. चांगला आहे, हे सांगताना आतून चरका बसतो आहे, पण चांगला आहे.

चार अंक मोजण्याइतकी चोरी माझ्याही हातून झाली; तुझी लांबली, इतकंच. सोबत एक कोरा कागद पाठवते. खुलासा एका ओळीचा आहे, मावेल.

वाट पाहते.

विमलताई


पुणे
१४ नोव्हेंबर २०२५

ती. विमलताईस सा. न. वि. वि.

खुलासा आज संघाकडे गेला, नक्कल जोडली आहे. एका ओळीत मावला नाही, दोन्ही बाजू भरल्या. खळ तुझी, अकरा वर्षं तुझी, टाळ्या तुझ्या, असं लिहिलं. शेवटची ओळ तिथे लिहायला धीर झाला नाही, ती इथे लिहिते. आठ वर्षं देशोदेशी ती खळ शिकवली, पण माझ्या हातची कधी जमलीच नाही. अजून गुठळ्या होतात.

डिसेंबरात येते. पुठ्ठा लावलेल्या टेबलाशी बसव आणि पहिल्यापासून शिकव. तन्वीलाही बसव शेजारी. फाटकात चौकशी केलीस तर येण्याचं खरं कारण हेच सांगेन.

तुझी
सुप्रिया