पिवळ्या खुणेचं वाळुंज

३ फेब्रु.
एकोणीस दिवस वहीला हात लावला नाही. रोज ठरवायचं, आज लिहू. मग चहा, मग स्टँडवर कोण उतरलं ते बघत उभं राहणं, मग उद्या. खरं कारण ते नाही. लिहिलं की ते घडलं असं होतं.

वही लातूरच्या क्लासची. पहिल्या पानावर लाल शाईत 'मेडिकल', माझंच अक्षर. मग सात पानं फिजिक्स, पुढं लाकडाचे आकडे, मग कोरी. घरी रेणापूरला आण्णांना वाटतं मी अजून लातुरातच रिपीट करून राहिलो. मी नांदेडात. मुनीरचाचांच्या दुकानात रंधा मारतो. चाचा क्रिकेटच्या बॅटी दुरुस्त करायचे, भूकंपानंतर कुबड्याही करायला लागले.

तर. सुमनताईची कुबडी मोडली. शाळेच्या पायरीवर. डावा हात मोडला. तिचा भाऊ सांगून गेला. चाचा रंधा खाली ठेवून नुसते बसले.

४ फेब्रु.
आज सगळं लिहितोच.

सुमनताई औशाच्या पलीकडची. भूकंपात भिंतीखाली पाय गेला. बालवाडीत शिकवते. खांदाही दुखावलेला, सागवानी कुबडी पेलत नव्हती. चाचा म्हणाले वाळुंजाची करू. नदीकाठचं झाड, वजनाला हलकं, दणका सोसतं. काश्मीरकडं ज्याच्या बॅटी होतात ते ह्याच्याच भाऊबंदातलं. पण प्रत्येक नदीचं सारखं नसतं. कुठलं घ्यायचं?

मीच पुढं झालो. "चाचा, टेस्ट करून बघू की. सायन्स हाय मला."

तीन जागचं आणायचं ठरलं. रेणापूरला निळी खूण, बिलोलीला लाल, इस्लापूरला पिवळी. रेणापूरचं आणलं, गावात न शिरता, नदीवरूनच. बिलोलीचं आणलं. ओंडका मोठा निघाला म्हणून आडवा कापून अर्धा खोलीवर ठेवला, स्टूल करीन म्हणून. मग इस्लापूरच्या गाडीत बसलो. भोकरच्या पुढं एका गावात कुस्त्यांचा फड लागलेला दिसला. उतरलो. म्हटलं एक जोड बघू, मागची गाडी धरू. दोन दिवस राहिलो. तिसऱ्या दिवशी पुढं जायचा कंटाळा आला.

परत येऊन स्टुलासाठी ठेवलेल्या ओंडक्याला पिवळा रंग मारला.

बस. एवढंच केलं. एवढंच म्हणायची पण लाज

५ फेब्रु.
टेस्ट अशी. एका मापाच्या फळ्या, दोन महिने सावलीत वाळवलेल्या. आधी वजन. मग दोन विटांवर आडवी ठेवायची, मधोमध वाळूची पिशवी टांगायची, किती वाकली ते मोजायचं. मग वाळू वाढवत जायची, मोडेपर्यंत. निळी आधी मोडली. लाल टिकली. पिवळी लालपेक्षा सूतभर कमी वाकली. बुंध्याकडची होती, म्हणून असेल.

चाचा आकड्यांकडं बघतच नव्हते. बोटानं टकटक करायचे, कान लावायचे.

"बेटा, हे लाल आन् हे पिवळं. दोन्ही सगे भाऊ बोलून राहिलेत."

"आवाजावर काय जाता, चाचा."

"एक बिलोलीचं, एक इस्लापूरचं. पाणी वेगळं, माती वेगळी. आवाज एकच कसा?"

मी वही पुढं सरकवली. "आकडा खोटं बोलत न्हाई."

चाळीस वर्षांचा कान. गप बसला. चाचांना शाळा नाही, सही तेवढी उर्दूत करतात. म्हणून गप बसले. मला ते कळलं होतं. बरंही वाटलं होतं.

८ फेब्रु.
उरलेलं. पिवळी पहिली आली म्हणून चाचांनी ट्रकवाल्याकडून इस्लापूरचं लाकूड मागवलं. हे खरं इस्लापूरचं. वलयं रुंद, भराभर वाढलेलं, म्हणून कच्चं झाड. वाळल्यावर चाचांनी ठोकून बघितलं. "हे न्हाई तसं बोलत रे. परत टेस्ट करतो का?"

मी म्हणालो, "आत थोडी ओल असेल. कशाला परत?"

त्यातून दोन जोड्या झाल्या. एक सुमनताईला. दुसरी त्याच गावच्या शंकरआबांना. ती आबा रोज वापरतात. आजही वापरत असतील.

११ फेब्रु.
समोरचा टपरीवाला हणमंत चहा घेऊन आला. "काय सायन्सवाले, आज कशाचं वजन? ह्या कपाचं करता का?" मी हसलो. चाचा भडकले. "ए हणम्या, त्याला बोलू नको. पोरगं शिकलेलं हाय. चूक माझ्या हाताची हाय. कुठंतरी रंधा जास्त चालला."

हणमंत गेला. चाचा उजवा हात उलटासुलटा करून बघत राहिले. कुबड्या बंद म्हणाले, आता फक्त बॅटी.

मी चहा पिला.

१३ फेब्रु.
दुकान झाडताना कोपऱ्यात टेस्टचे उरलेले तुकडे सापडले. लाल नि पिवळा शेजारी ठेवले तर करवतीच्या कापावर एकच गाठ. अर्धी लालमधे, अर्धी पिवळ्यामधे. जोडले की केसभर फट नाही.

चाचांनी बघितलं तर एका नजरेत ओळखतील. पिवळा तुकडा पिशवीत टाकला, कपड्यांखाली.

मोडल्या कुबडीचं चाचांनी काय केलं माहीत नाही. विचारायची हिंमत नाही.

१५ फेब्रु.
आबांना पोस्टकार्ड लिहिलं. ठोकळा अक्षरात. "कुबडी वापरू नका. लाकडात खोट आहे. चूक कारागिराची नाही." नाव टाकणार होतो. पेन तिथंच थांबला. मग खाली जागा उरली नाही असं स्वतःला सांगितलं. जागा होती.

स्टेशनवरच्या पेटीत टाकायला गेलो. तासभर गाड्या बघत बसलो, कार्ड हातात. परभणीकडची गाडी गेली तेव्हा टाकलं.

हलकं वाटलं. संध्याकाळपर्यंत.

१७ फेब्रु.
चाचा म्हणाले, "शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की मी त्या गावाला जातो. बेटीची माफी मागतो. तू चल, तुला नीट बोलता येतं."

मी मान हलवली. माझ्या चुकीची माफी चाचा मागणार आणि मी शेजारी उभा राहून नीट बोलणार.

सांगायचं ठरवलं. दुपारी. मग फळी चिकटवायची होती.

१८.
नाही सांगितलं.

१९.
लातूरच्या गाड्यांच्या वेळा बघून आलो.

२० फेब्रु., शुक्रवार
चाचा नमाजला गेलेत. माझी पिशवी भरलेली. पावणेदोनची गाडी. पिवळा तुकडा चाचांच्या रंध्याशेजारी ठेवलाय, लाल त्याला जोडून. चिठ्ठी नाही. गाठ बघून कळेल त्यांना. तोंडानं सांगण्यापेक्षा

थांबलो. दारात रिक्षा.

सुमनताई आली. एकटी. डाव्या हाताला प्लास्टर, उजव्या बगलेत उरलेली एक कुबडी, तीच, इस्लापूरची. धावत जाऊन आधार दिला, स्टुलावर बसवलं. पाणी आणतो म्हणून आत आलोय, उभ्याउभ्या लिहितोय.

म्हणाली, "चाचा कुठंयत?"

"नमाजला. येतीलच."

"गावातली पत्रं मीच वाचून दाखवते. आबांचं पण." कार्ड काढलं, नांदेडचा शिक्का असलेलं. "मी पडले ते पडले. त्याचं काय न्हाई. पण चाचांनी असं नाव लपवून लिहावं? वर आपली चूक न्हाई म्हणून? तेवढंच तोंडावर विचारायला आले."

पेला भरलाय. बाहेर तिच्या मांडीवर कार्ड, माझं अक्षर वर. मशिदीतली माणसं रस्त्यावर यायला लागली. चाचांची पांढरी टोपी दिसून राहिली, हणमंताच्या टपरीपाशी. ह्या दुकानात मराठी लिहिता येणारा मी एकटाच