बी विंगच्या खांबाविषयी

भाईंदर (पूर्व),
ऑगस्ट १९९२

तीर्थस्वरूप दाजी,

इयत्ता तिसरीच्या वर्गातून, तिसरीतल्या मुलाच्या बाकावर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेल्या तुमच्या मेहुण्याचा, गुणवंतचा, तुम्हाला आणि अक्काला साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त लिहिण्यापुरता. इथे आडवं व्हायला जागा नाही.) तुमची साखर, अक्काची कंबर आणि दारातला पेरू, तिघांचंही बरं चाललं असेल असं धरून चालतो. आमचं म्हणाल तर मी, अनसूया आणि आमची पोर सुरुची, तिघंही धडधाकट आहोत. तारेत शब्दाला पैसे पडतात म्हणून "बिल्डिंग पडली, आम्ही ठीक" एवढंच कळवलं होतं. त्यावर अक्काने उलट टपाली विचारलंय की बिल्डिंग पडली तर तुम्ही ठीक कसे? प्रश्न रास्त आहे. तुम्ही कॉलेजात मानसशास्त्र शिकवता, तेव्हा उत्तर तुम्हालाच लिहितोय. अक्काला त्यातलं सोसेल तेवढं वाचून दाखवा.

आमची नवकिरण सोसायटी तुम्ही पाहिलेली नाही, आणि आता अर्धीच पाहता येईल. खारी गावाच्या कडेला, जिथे पूर्वी मिठागराचं पाणी यायचं, तिथे बिल्डरने एकसारख्या दोन विंग उभ्या केल्या. ए विंगमध्ये पाण्याचं कनेक्शन नव्हतं म्हणून कुणी राहायला गेलं नाही. बी विंगमध्येही नव्हतं, तरी आम्ही गेलो. (परळच्या एका खोलीत नऊ माणसं राहिल्यावर स्वतःचा संडास दिसला की माणूस पाण्याचं विचारत नाही.) आमच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, महिपतराव आणि त्यांच्या पत्नी सुगंधाताई राहायच्या. महिपतराव टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, मूलबाळ नाही, आणि तक्रार हा त्यांचा उद्योग. कबुतरांविरुद्ध तक्रार, अँटेनाविरुद्ध तक्रार, जिन्यात चपला काढणाऱ्यांविरुद्ध तर फळाच लावलेला. त्यामुळे गेल्या हिवाळ्यात ते मला हाताला धरून खाली मीटरच्या खोलीपाशी घेऊन गेले, तेव्हा मी चपलांबद्दलची माफी तयार ठेवूनच गेलो.

चपलांचं नव्हतं. मीटरच्या खोलीशेजारच्या खांबाला भेग गेली होती. महिपतराव म्हणाले, "बोट घाला." मी घातलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं, दाजी. आत गार लागलं आणि बोटाला ओल आली. मी बाहेर काढून पाटलोणीला पुसलं आणि म्हणालो, "हम्म." (या "हम्म"वर मी नंतर पुष्कळ विचार केलाय. त्याचा अर्थ काहीही होऊ शकतो, म्हणूनच माणसं तो करतात.)

त्यांनी सोसायटीची मीटिंग बोलवायला लावली. गच्चीवर सतरंजी, बटाटेवडे आणि आमचे सेक्रेटरी हरिश्चंद्र. हरिश्चंद्रांबद्दल वाईट लिहिणार नाही, कारण मनुष्य खरोखर चांगला आहे. टँकरवाल्याशी भांडायला तेच जातात, कुणाचं बाळंतपण असेल तर रिक्षा तेच आणतात. आवाज असा की नुसतं "बसा" म्हणाले तरी उभ्या माणसाला आपलं चुकल्यासारखं वाटतं. महिपतरावांचं बोलणं त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग सगळ्यांकडे हसून बघत म्हणाले, "भेग कुठल्या बिल्डिंगला नसते? उद्या हे बाहेर कळलं तर बिल्डिंगचं नाव खराब. मुलींची लग्नं जमायची आहेत आपल्याकडे. तरीपण लोकशाही आहे. ज्यांना ज्यांना वाटतं की धोका आहे, त्यांनी हात वर करा."

महिपतरावांचा हात वर गेला. बाकीचे आम्ही एकमेकांकडे बघायला लागलो. मी चौथ्या मजल्यावरच्या रोशनभाईकडे बघितलं. तो वडा खात होता. मला वाटलं, हा इतका निवांत खातोय त्या अर्थी याला काहीतरी माहीत असणार. (त्याने मला परवा सांगितलं की तो माझ्याकडे बघत होता. "आप नीचे देखके आये थे ना, और आप चुप थे, तो मैं समझा कुछ नहीं है.") दाजी, दिवाळीला तुम्ही फराळानंतर दोन उदबत्त्या धरून लांब कुठली ते विचारलं होतंत, आधी सगळ्यांना पढवून ठेवलं होतंत, आणि घरदार आखूड उदबत्तीला लांब म्हणतंय हे बघून मीही आखूडच सांगितली. सगळे पोट धरधरून हसलात. मीही हसलो. पण तिथे निदान कुणीतरी पढवलेलं होतं. गच्चीवर कुणी कुणाला काही सांगितलं नव्हतं, दाजी, आणि तरी दुसरा एकही हात वर गेला नाही.

त्यापुढचं लिहायला मला जास्त जड जातंय. महिपतरावांना वाळीत टाका असं कुणी म्हणालं नाही. तशी मीटिंग झाली नाही. फक्त दूध आणायला गेलं की कुणीतरी म्हणायचं, "काय महिपतराव, उभी आहे ना अजून?" पोरं जिन्यात "भेगाकाका आले, भेगाकाका" म्हणायची आणि आईबाप पोरांना दटावताना हसायचे. टँकर आला की सुगंधाताईंची बादली रांगेत आपोआप मागे सरकायची. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं राहून गेलं, असं अनसूयेनेच मला सांगितलं. "राहून कसं गेलं?" असं मी विचारलं, तर म्हणाली, "मला वाटलं बाकीच्यांनी बोलावलं असेल." महिपतराव सुरुवातीला चिडायचे, मग समजावायचे, मग नुसतेच खाली मान घालून जायला लागले. एकदा मी ऑफिसातून येताना ते मीटरच्या खोलीपाशी एकटेच उभे दिसले. भेगेकडे बघत होते, मग डोळे चोळत होते, मग परत बघत होते.

होळीच्या सुमाराला ते आमच्या दारात आले. पाणी दिलं, तर प्यायले नाहीत. म्हणाले, "गुणवंतराव, तुम्ही बोट घातलं होतंत. खरं सांगा, मला भास झाला का? एवढी माणसं आहेत. शिकलेली आहेत. सगळ्यांना दिसत नाही आणि मला एकट्यालाच दिसतं, म्हणजे माझंच काहीतरी बिनसलं असणार. हीसुद्धा म्हणते, आता पुरे करा." मी काय म्हणालो असेन ते तुम्ही ओळखलं असेलच. "हम्म."

दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्वतः सिमेंट कालवलं, भेग भरली, वर चुना मारला. खांब नव्या नवरीसारखा दिसायला लागला. हरिश्चंद्रांनी मोठ्या मनाने गच्चीवर पुन्हा मीटिंग घेऊन महिपतरावांना शाल-नारळ दिला आणि कमिटीवर घेतलं. टाळ्या सगळ्यांनी वाजवल्या. मी तर जरा जास्तच वाजवल्या. आणि दाजी, तो माणूस फुलला. आयुष्यात पहिल्यांदाच तो कुणाच्या तरी बाजूने होता. फळा पुसून त्यावर सुविचार लिहायला लागला. कुणी भाडेकरू फ्लॅट बघायला आला की त्याला त्या खांबापाशी नेऊन, वर थाप मारून सांगायचा, "डोळे झाकून या, मी गॅरंटी घेतो." सुगंधाताईंना मंगळागौरीला दोन-दोन घरची बोलावणी आली.

बिल्डिंग पडली तो दिवस रविवार होता, दुपारची जेवणं चालली होती. आमटीत काहीतरी पांढरं पडलं. अनसूया म्हणाली पाल असेल. मग भिंतीत टक्क असा आवाज झाला, जसा सुपारी फोडताना होतो. मी दार उघडून बाहेर आलो. वरून रोशनभाई जिन्यात आला होता, समोरचे दारात उभे होते, सगळ्यांच्या हाताला भात. मी विचारलं, "काही नाही ना?" समोरचे म्हणाले, "काही नाही." रोशनभाई म्हणाला, "ऊपर भी कुछ नहीं." असं एकमेकांना तीनतीनदा काही नाही सांगून आम्ही परत पानावर जाऊन बसलो. आमटीत पुन्हा पडलं. ते काढून मी जेवू लागलो. (यावर हसू आलं तर हसा. आम्ही इथे हसतो कधीकधी.)

तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटमधली डॉरिस ओरडली. डॉरिस मूळची उत्तनची, नवरा बोटीवर, आणि सोसायटीच्या मीटिंगला ती कधी येत नसे, कारण तिच्या मते तिथे नुसते वडे खातात. तिने पोराला काखेत मारलं आणि गाऊनवरच जिना उतरत सगळ्यांच्या दारांवर थापा मारत सुटली. "बगताव काय? पला! पला रं!" एवढंच. कारण नाही, भाषण नाही. आणि आश्चर्य बघा, एक माणूस पळतोय म्हटल्यावर अख्खी विंग पळाली. कशाला पळतोय ते कुणालाच माहीत नव्हतं. माझ्या हातात आमटीचा डाव होता. सुगंधाताई अनवाणी उतरल्या. सगळे रस्त्यावर येऊन वर बघत उभे राहिलो.

आणि काहीच झालं नाही. बिल्डिंग उभी. ऊन पडलेलं. आधी एकजण हसला, मग दुसरा. हातातल्या डावाची मला लाज वाटायला लागली. डॉरिसकडे सगळे असे बघायला लागले, जसे पूर्वी महिपतरावांकडे बघायचे. हरिश्चंद्र म्हणाले, "चला, जेवणं गार होतायत." तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत महिपतराव आले. ते उतरलेच नव्हते. हात हलवून, अगदी खुशीत, ओरडले, "अहो घाबरताय काय! मी स्वतः भरलाय तो खांब! या वर!" सुगंधाताई खालून म्हणाल्या, "अहो, तुम्ही खाली या." त्यांनी मान हलवली आणि लहान मुलाला समजावावं तसं हसले. रोशनभाई वळला. त्याच्या मागून हरिश्चंद्र. त्यांच्या मागून मी. डॉरिसने माझा शर्ट मागून धरला, फाटेपर्यंत धरला, आणि मी तिच्यावर खेकसलो, "काय हे, सोड!" तेवढ्यात मीटरच्या खोलीकडून आवाज आला. तो कसा होता ते लिहीत नाही.

धूळ खाली बसायला फार वेळ लागला. रोशनभाई पहिल्या पायरीवर होता. तो इस्पितळात आहे, एक पाय गेला. हरिश्चंद्रांच्या डोक्याला टाके पडले. महिपतराव दुसऱ्या दिवशी सकाळी सापडले. सुगंधाताईंनी ओळखलं. मला हिंमत झाली नाही.

आता आम्ही सगळे या शाळेत आहोत. पोरांना सुट्टी मिळाल्यामुळे गावातली पोरं आमच्यावर खूश आहेत. खिचडी मिळते. गेले काही दिवस वर्गावर्गांतून एकच बोलणं चालू आहे. ज्याला विचारावं तो म्हणतो, "मला आधीपासूनच शंका होती." दाजी, सगळ्यांनाच होती! गच्चीवर बसलेल्या प्रत्येकाला होती, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपल्या एकट्यालाच आहे. काल हरिश्चंद्र सगळ्यांसमोर रडले. म्हणाले, "आपण महिपतरावांचं ऐकायला हवं होतं." कोपऱ्यात सुगंधाताई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाल्या, "तुम्ही नाही ऐकलंत त्यांचं. पण त्यांनी तुमचं ऐकलं." आणि परत निवडायला लागल्या.

असो. पत्र लांबलं. इथून सगळं आवरेल तसं कळवीनच. अक्काला म्हणावं रडू नको, आणि तिच्या कंबरेला शेक चालू ठेवा. घरातल्या थोरांना नमस्कार, धाकट्यांना आशीर्वाद, पेरूला पाणी.

तुमचा,
गुणवंत

ता. क. : अनसूयेचा भाऊ ईश्वर येत्या रविवारी सुरुचीला घेऊन सांगलीला तुमच्याकडे येतोय. तिचं नाव तिथल्याच शाळेत घाला. किती दिवसांसाठी, ते विचारू नका. ती जिना चढताना भिंतीला हात लावून चढते, त्यावरून तिला कुणी चिडवू नये एवढं बघा.

आणखी ता. क. : हे लिहिणार नव्हतो. बिल्डरने आम्हाला ए विंगमधले रिकामे फ्लॅट द्यायचं कबूल केलंय. कुणी एक साहेब आले होते, त्यांनी रस्त्यावरून चहा पितापिता बघून ठीक आहे म्हणून सांगितलं. सकाळपासून एकेक घर वळकटी उचलून निघालंय. सुगंधाताई डॉरिसबरोबर उत्तनला गेल्या. बाकी सगळे तिकडेच जातायत. आमचीही वळकटी बांधून झाली आहे. अनसूया काही बोलत नाही, मीही बोलत नाही. हे वाचल्यावर तुम्ही "जाऊ नका" म्हणून तार कराल, मला ठाऊक आहे. जरूर करा. पण एक तार पुरायची नाही, दाजी. अक्काच्या नावाने एक, शेजाऱ्यांच्या नावाने एक, कॉलेजातल्या प्राध्यापकांच्या नावाने चारपाच, अशा वेगवेगळ्या नावांनी करा. एकट्या माणसाचं ऐकायची सवय आता आम्हाला राहिलेली नाही.